क्रूझवर जेवायला काय घालायचं आणि फोनचं काय करायचं?

समुद्रकाठ

क्रूझच्या कुठल्याही धाग्यावर फिरून फिरून हे दोन प्रश्न येतातच. उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत, ती एकत्र व्हावीत म्हणून हा धागा. दोन्ही विषय एकत्र घेतले कारण दोन्हींची तयारी घरीच करावी लागते. जहाज सुटल्यावर केबिनमध्ये इस्त्री मिळत नाही आणि बँकेचा ओटीपीही येत नाही.

कपड्यांपासून सुरुवात करतो. ड्रेस कोड लागू होतो तो संध्याकाळनंतर, आणि तोही मुख्य डायनिंग रूममध्ये आणि जादा पैसे भरून जेवायच्या रेस्टॉरंटांत. बुफेला सहसा नाही. दिवसभर टी-शर्ट, कुर्ता, हाफ पँट काहीही घाला. फक्त पोहण्याच्या ओल्या कपड्यांत किंवा अनवाणी आत जेवायला बसू देत नाहीत.

कडकपणात क्युनार्ड ही ब्रिटिश क्रूझ कंपनी सगळ्यांच्या पुढे. तिच्या क्वीन मेरी २ या जहाजाच्या साउदम्प्टन ते न्यूयॉर्क या ७ रात्रींच्या फेरीत साधारण २ गाला रात्री, म्हणजे खास नटूनथटून जेवायच्या रात्री असतात. त्या रात्री पुरुषांनी टक्सिडो किंवा टाय लावून गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते. इतर रात्रीही संध्याकाळी ६ नंतर नीटनेटकं राहावं लागतं. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी किंग्ज कोर्ट हा बुफे आणि गोल्डन लायन हा पब मोकळा असतो. रॉयल कॅरिबियन आणि प्रिन्सेस या कंपन्यांच्या जहाजांवर ७ रात्रींत साधारण २ फॉर्मल (औपचारिक पोशाखाच्या) रात्री येतात, रॉयल कॅरिबियनच्या ३-४ रात्रींच्या फेरीत एक. तिथे ब्लेझर आणि पँटवर कोणी अडवत नाही. सेलिब्रिटीने २०१५ पासून फॉर्मल रात्री बंद करून 'ईव्हनिंग शिक' आणलं, म्हणजे टायची सक्ती गेली. नॉर्वेजियन आणि व्हायकिंगवर फॉर्मल रात्र नाहीच. व्हर्जिनवर ड्रेस कोड नाही, मात्र स्कार्लेट नाइटला बहुतेक सगळे लाल कपड्यांत असतात, तेव्हा एखादी लाल ओढणी किंवा शर्ट बॅगेत टाका.

पहिल्या आणि शेवटच्या रात्री फॉर्मल सहसा ठेवत नाहीत, कारण प्रवाशांच्या बॅगा हाताशी नसतात. बहुधा पूर्ण दिवस समुद्रात असतो त्या रात्री ठेवतात. फॉर्मल रात्री किती ते बुकिंग झाल्यावर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा साइटवर दिसतं, नक्की कुठल्या ते रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत.

जुई_नाशिक

साडीवाल्यांसाठी भर घालते. साडी सगळीकडे चालते, अगदी क्युनार्डच्या गाला रात्रीलासुद्धा, आणि साडी नेसलेल्या बाईला दारात कोणी काही विचारत नाही. प्रश्न असतो तो चुरगळण्याचा.

कपड्यांची इस्त्री आणि स्टीमर दोन्हींवर बहुतेक जहाजांवर बंदी आहे. कारण आगीचं. बॅग स्कॅनरमधून जाताना ते दिसतात आणि काढून घेतात, मग उतरतानाच परत मिळतात. क्युनार्ड, प्रिन्सेस आणि कार्निव्हलच्या बऱ्याच जहाजांवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याची खोली असते, तिथे इस्त्री असते. रॉयल कॅरिबियनवर अशी खोली नाही, कपडे द्यावे लागतात आणि नगाप्रमाणे पैसे लागतात. भरजरी साडी त्यांच्याकडे अजिबात देऊ नका. जरीला किती उष्णता चालते हे तिथल्या माणसाला माहीत असेलच असं नाही, आणि जरीचे धागे जळले की परत सरळ होत नाहीत.

म्हणून कापड विचार करून निवडा. जॉर्जेट, शिफॉन, म्हैसूर क्रेप बॅगेतून काढून तासभर टांगली की बसते. कॉटन आणि ऑर्गन्झा टाळा. पैठणी न्यायचीच असेल तर घरीच निऱ्या आणि पदर घालून, पिना लावून, इस्त्री करून न्या. पद्धत अशी: कमरेला एक वेढा जाईल इतकी साडी सोडून द्या. पुढे साधारण ५ इंच रुंदीच्या ६-७ निऱ्या घाला, वरच्या काठाला मोठी पिन लावा, पिनेखाली सुती कापडाचा तुकडा ठेवा म्हणजे रेशमाला भोक पडत नाही. पदराच्या ५ पट्ट्या घालून तो खांद्याशी आणि टोकाशी पिनेनं बांधा. इस्त्री साडीवर पातळ सुती कापड घालूनच करा. मग १२-१४ इंचांची घडी करून मलमलच्या कापडात गुंडाळा आणि बॅगेत मधोमध ठेवा, वर-खाली मऊ कपडे. अशी साडी नेसायला दहा मिनिटं पुरतात, हेही महत्त्वाचं, कारण दोन माणसं एका वेळी तयार होतील इतकी जागा आतल्या केबिनमध्ये नसते.

डेकवर वारा भरपूर असतो. पदराला खांद्यावर एक पिन पुरत नाही. खांद्यावर एक, कमरेपाशी एक आणि निऱ्यांना आतून परकराला एक अशा तीन लावा. चपलेची टाच रुंद आणि दीड-दोन इंचांच्या आत हवी. जहाज हललं की उंच बारीक टाचेवर पाय मुरगळतो, शिवाय बाथरूमचा आणि डेककडे जाणाऱ्या दारांचा उंबरा चांगला उंच असतो.

रवळनाथ_कुडाळ

बाबांना (वय ७४) सूट-टायचा त्रास होतो. बंद गळ्याचा कोट किंवा झब्बा-जाकीट चालेल का? रॉयल कॅरिबियन, भूमध्य समुद्र, ७ रात्री.

समुद्रकाठ

बिनधास्त न्या, रवळनाथ. राष्ट्रीय पोशाख फॉर्मल म्हणूनच धरतात, क्युनार्डसुद्धा. बंद गळ्याचा जोधपुरी कोट गडद रंगाचा असेल तर दोन्ही फॉर्मल रात्रींना तोच पुरतो, फक्त आतला सदरा आणि पँट बदलायची. झब्बा रेशमी किंवा त्या पोताचा असावा आणि वर जाकीट हवंच. नुसता पांढरा सुती झब्बा-पायजमा रात्रीच्या डायनिंग रूममध्ये इतरांना रात्रीच्या कपड्यांसारखा वाटू शकतो, तो सकाळी घालायला उत्तम. पायात मोजडी किंवा बंद बूट. कोल्हापुरी चालते, पण तिचा तळ गुळगुळीत असतो आणि ओल्या डेकवर घसरते, तेव्हा ती फक्त आत.

डायनिंग रूमचा एसी चांगलाच गार असतो. या वयाच्या माणसांसाठी कोटाच्या आत पातळ थर्मल किंवा सोबत शाल असू द्या.

जुई_नाशिक

टांगण्याबद्दल एक राहिलं. केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक चिकटतात. हुकावर १० किलो लिहिलेलं असलं तरी ते वजन सरळ ओढल्यावरचं असतं. भिंतीवर लटकवलं की हुक खाली घसरतो, निम्म्यापेक्षाही कमी भार पेलतो. जड शेरवानीला दोन हुक वापरा आणि ती छताजवळ लावा.

तारायंत्र

आता फोन. इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

किनाऱ्यापासून दूर गेलं की जमिनीवरचं नेटवर्क संपतं आणि जहाज स्वतःचा छोटा मोबाइल टॉवर चालू करतं. फोनवर 'सेल्युलर ॲट सी' किंवा 'टेलेनॉर मेरीटाइम' असं नाव दिसू लागतं. हे उपग्रहावरून चालणारं रोमिंग आहे. तुम्ही घेतलेल्या युरोप किंवा आग्नेय आशियाच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. तुम्ही काहीही न करता फोन खिशात असताना पार्श्वभूमीत फोटोंचा बॅकअप आणि ॲप अपडेट सुरू झाले की बिल फुगतं. बंदरात आल्यावर जहाज हा टॉवर बंद करतं, पण बंदरातून निघताना नेमका कधी चालू होईल याची कोणी घोषणा करत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा.

जहाजावर चढण्याआधी: डेटा रोमिंग बंद. कंपनीचं ॲप घरच्या वाय-फायवर उतरवून, लॉगिन करून, अपडेट करून घ्या. जहाजावर ते उतरवणं जमलं तरी फार हळू होतं.

चढल्यावर: एअरप्लेन मोड चालू, मग त्यातच वाय-फाय चालू, मग जहाजाचं वाय-फाय निवडा. फोन विचारतो, 'या नेटवर्कला इंटरनेट नाही, जोडलेलं ठेवायचं का?' इथे 'हो' म्हणा आणि 'पुन्हा विचारू नका' वर खूण करा. नाहीतर फोन स्वतःहून वाय-फाय सोडून देतो आणि ॲप उघडत नाही. व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद करा, तेही ॲपला अडवतात.

बहुतेक कंपन्यांचं ॲप इंटरनेटचं पॅकेज न घेताही चालतं. कार्यक्रम, रेस्टॉरंटचं बुकिंग, खर्चाचा हिशेब दिसतो. घरच्यांशी जहाजावरच चॅट करायची सोय काही कंपन्या फुकट देतात, काही थोडे पैसे घेतात.

अनघा_वसई

चॅटवर फार विसंबू नका एवढं सांगते. मेसेज जातो, पण समोरच्याच्या फोनवर वाजतच नाही, असं सर्रास होतं. फोनवर सूचना येते ती ॲपल किंवा गूगलच्या सर्व्हरवरून. पॅकेज नसेल तर तिथपर्यंत पोचायला इंटरनेटच नसतं. माणूस स्वतः ॲप उघडेल तेव्हाच मेसेज दिसतो. काही ॲपांत यावर सोय केलेली असते, पण ती प्रत्येक फोनवर चालेलच असं नाही.

त्यापेक्षा घरच्यांशी आधीच ठरवून टाका: भेटायची जागा म्हणजे डेक क्रमांक आणि पुढची, मधली की मागची लिफ्ट, वेळ म्हणजे पूर्ण तास. 'पूलपाशी भेटू' याला अर्थ नाही, एका जहाजावर तीन-चार पूल असतात. केबिनमधला फोन मात्र भरवशाचा. केबिन ते केबिन फुकट लागतो, बहुतेक जहाजांवर सरळ केबिनचा क्रमांक फिरवायचा. बाहेर लावलेल्या कॉलचे मिनिटागणिक पैसे लागतात. चिकट चिठ्ठ्यांचं एक पॅड आणि पेन न्या, आरशावर लावलेली चिठ्ठी कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

रवळनाथ_कुडाळ

वॉकी-टॉकी? मुलांसाठी सोपं पडेल असं वाटतं.

तारायंत्र

नको. जहाज पोलादी आहे, दोन-तीन डेक मध्ये आले की आवाज तुटतो. शिवाय अमेरिकेत विकले जाणारे संच ४६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि युरोपात मोकळी दिलेली पट्टी ४४६ ची आहे. एका ठिकाणचा संच दुसऱ्या देशाच्या बंदरात वापरणं बेकायदा ठरू शकतं. स्वतःचा वाय-फाय राउटर नेण्यावरही बऱ्याच कंपन्यांची बंदी आहे.

पॅकेज घ्यायचंच असेल तर निघण्याआधी साइटवरून घ्या, जहाजावर तेच महाग पडतं. एका डिव्हाइसचं पॅकेज म्हणजे एका वेळी एकच फोन. बऱ्याच ठिकाणी एकावरून लॉगआउट करून दुसऱ्यावर घेता येतं, पण त्यासाठी दोन्ही फोनवर 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' त्या नेटवर्कपुरता बंद ठेवा. तो पत्ता बदलत राहिला तर जहाजाच्या यंत्रणेला प्रत्येक वेळी नवा फोन आल्यासारखं वाटतं आणि तुम्ही बाहेर फेकले जाता. स्वस्त पॅकेजात मेसेज जातात पण व्हॉट्सॲप कॉल लागेलच असं नाही, पॅकेजचं वर्णन नीट वाचा.

वेगाबद्दल जुनी मतं आता सोडायला हरकत नाही. पूर्वी सगळं भूस्थिर उपग्रहांवर होतं, ते ३५,७८६ किमी वर असतात. नुसत्या जाण्या-येण्यातच अर्धा सेकंद जातो, म्हणून कॉलवर दोघं एकमेकांच्या बोलण्यात शिरत. स्टारलिंक या नव्या उपग्रह-इंटरनेट सेवेचे उपग्रह साधारण ५५० किमी वर आहेत, तो उशीर जाणवत नाही. रॉयल कॅरिबियनने २०२२ मध्ये सगळ्या जहाजांवर स्टारलिंक बसवायचं जाहीर केलं, मग इतरही आले. ज्या देशात परवाना नाही त्याच्या हद्दीत ही सेवा बंद होऊ शकते. तेव्हा बंदरात नेट गेलं म्हणून लगेच तक्रारीच्या रांगेत उभे राहू नका.

अनघा_वसई

ओटीपीचं वेगळं सांगायला हवं, भारतीय सिमवाल्यांना हे सगळ्यात जास्त अडतं. एअरप्लेन मोडवर एसएमएस येत नाही. फोन जहाजाच्या टॉवरवर घेतला तर येईलही, पण तिथे पैसे कसे लागतात ते आपल्या ऑपरेटरला आधी विचारा. वाय-फाय कॉलिंगवर एसएमएस येईल हेही परदेशात गृहीत धरू नका.

म्हणून ओटीपी लागेल अशी सगळी कामं जमिनीवर असतानाच उरका: कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमध्ये चालू करा, मर्यादा वाढवा, किनाऱ्यावरच्या सहली आणि वाय-फायचं पॅकेज आधी घ्या, कार्ड ऑनलाइन चेक-इनच्या वेळीच जहाजाच्या खात्याला जोडा. एकदा ते जोडलं की जहाजावर प्रत्येक खर्च केबिनच्या कार्डावर (ज्यानं केबिनचं दार उघडतं त्याच) होतो. त्या खात्यासाठी कंपनी तुमच्या बँक कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवते, फोरेक्स कार्डावर ही अडकलेली रक्कम सुटायला उशीर लागतो. क्रेडिट कार्ड द्या, फोरेक्स कार्ड बंदरात वापरा.

ई-सिम घेताना देशांची यादी वाचा. 'युरोप' नावाच्या पॅकमध्ये मॉन्टेनेग्रो आणि तुर्कस्तान असतीलच असं नाही, आणि त्या देशांतली कोटोर नि कुशादासी ही बंदरं तर भूमध्य समुद्राच्या फेऱ्यांवर बऱ्याचदा असतात. अलास्काच्या फेरीत जुनो, स्कॅगवे, केचिकन अमेरिकेत, पण व्हिक्टोरिया कॅनडात.

दर्यावर्दी_मडगाव

वेळेचा मुद्दा कोणी घेतला नाही, आणि जहाज चुकतं ते त्यातूनच.

जहाजाचं घड्याळ कॅप्टन ठरवतो. ते बंदराच्या स्थानिक वेळेशी जुळेलच असं नाही. उदाहरण सिंगापूर ते फुकेत फेरीचं घ्या. फुकेत सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. जहाजानं सिंगापूरचीच वेळ ठेवली आणि परतायची शेवटची वेळ ५:०० असेल, तर त्या क्षणी फुकेतमध्ये ४:०० वाजलेले असतात. तुम्ही बंदरात रोमिंग चालू केलंत की फोन आपोआप फुकेतची वेळ घेतो. फोनवर ४:०० बघून 'अजून तास आहे' म्हणून माणूस बाजारात राहतो, आणि तिकडे जहाजाचा जिना उचलला जातो. उपाय साधा: फोनमध्ये तारीख-वेळेची आपोआप बदलणारी खूण काढून टाका आणि जहाजाची वेळ हातानं लावा, किंवा मनगटावर काट्यांचं घड्याळ बांधा. स्मार्ट वॉच फोनच्याच मागे जातं, त्याचा उपयोग नाही.

परतायची वेळ सहसा जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते. रोजच्या पत्रिकेवर कंपनीच्या त्या बंदरातल्या एजंटचा नंबर छापलेला असतो. उतरण्यापूर्वी त्याचा फोटो काढा आणि नंबर कागदावरही लिहून घ्या. पत्रिका आता बऱ्याच ठिकाणी फक्त ॲपवर असते, पण गेस्ट सर्व्हिसेसला (जहाजावरचं चौकशीचं काउंटर) मागितली की छापील मिळते. ज्येष्ठांसाठी रोज मागाच.

घोषणांबद्दल. नेहमीच्या घोषणा मोकळ्या जागांत आणि पॅसेजमध्ये ऐकू येतात, केबिनच्या आत फक्त आणीबाणीच्या. कॅप्टनची दुपारची माहिती ऐकायची असेल तर दार थोडं उघडा. एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांच्या जहाजांवर एकच घोषणा चार-पाच भाषांत होते, इंग्रजी कधी येईल ते कान देऊन ऐकावं लागतं. 'अल्फा', 'ब्राव्हो' असे सांकेतिक शब्द कर्मचाऱ्यांसाठी असतात आणि कंपनीगणिक बदलतात. प्रवाशांनी लक्षात ठेवायची खूण एकच: सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि मग एक लांब. तो ऐकला की गरम कपडे, नेहमीची औषधं, पायात सपाट बूट आणि सरळ आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागी. स्टेशनचं अक्षर केबिनच्या कार्डावर छापलेलं असतं.

२०१२ मध्ये कोस्टा काँकॉर्डियाचा अपघात झाला तेव्हा नुकतेच चढलेले काही प्रवासी आणीबाणीत मस्टर स्टेशनला जमण्याचा सराव न होताच जहाजावर होते. त्यानंतर नियम बदलला, २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावाच लागतो. आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ ॲपमध्ये बघायचा आणि मग स्वतः स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करायचं असतं. नुसता व्हिडिओ बघून सराव पूर्ण होत नाही. आई-वडिलांना घेऊन स्टेशनपर्यंत खरोखर चालत जा, लिफ्टनं नको, जिन्यानं. खऱ्या वेळी लिफ्ट वापरायची नसते.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी दारावर थाप पडली की लुकलुकणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारा गजर मिळतो. तो बुकिंगच्या वेळीच मागून ठेवायचा, संच मोजके असतात.

आणि कर्मचाऱ्यांशी बोलताना संकोच करू नका. या जहाजांवर गोव्याचे, मुंबईचे पुष्कळ लोक काम करतात, कोकणी-मराठी-हिंदी कानावर पडतंच. तरी जेवणातली पथ्यं तोंडी सांगून थांबू नका. बुकिंगमध्ये लिहून द्या आणि पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगा. जैन जेवण हवं असेल तर ते बहुधा उद्याचा मेनू आज रात्रीच दाखवतात, कारण स्वयंपाक आदल्या दिवशी ठरतो.

जुई_नाशिक

कपड्यांतले काही नियम जहाजाबाहेरचे आहेत. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया, त्रिनिदाद अशा कॅरिबियन देशांत लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसानं घालणं कायद्यानं गुन्हा आहे. लहान मुलांची टोपी, सॅकसुद्धा. ते जप्त होतात, दंडही होऊ शकतो. इटलीत चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तिथे आपली ओढणी कामी येते.

पूलमध्ये सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख आणि लेगिंग चालते, सलवार-कुर्ता नाही. डायपर लागणाऱ्या बाळांना, पोहण्याचा डायपर असला तरी, अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांच्या मुख्य पूलमध्ये सोडत नाहीत. त्यांच्यासाठी काही जहाजांवर वेगळी जागा असते.

रवळनाथ_कुडाळ

सगळ्यांचे आभार, बाबांच्या कोटाचं काम झालं. बॅगा देण्या-घेण्याचं तेवढं सांगा, तिथे गोंधळ होतो म्हणतात.

समुद्रकाठ

चढताना बॅगा टर्मिनलवर द्यायच्या, त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. तोपर्यंत लागणारं सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये: औषधं, पासपोर्ट, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि पहिल्या रात्री जेवायचा जोड.

उतरण्याच्या आदल्या रात्री कंपनीची रंगीत पट्टी लावून बॅगा पॅसेजमध्ये ठेवायच्या असतात, साधारण ११ च्या आत. त्या उचलल्या की थेट टर्मिनलवरच भेटतात. तेव्हा सकाळचे कपडे, बूट आणि आतले कपडे आधी बाहेर काढून खुर्चीवर ठेवा, मगच बॅग बंद करा. चाकं असलेली बॅग स्वतः ओढत नेणार असाल तर रात्री बाहेर ठेवायची गरज नाही, तसे प्रवासी सकाळी आधी सुटतात. बिलही त्याच रात्री टीव्हीवर किंवा ॲपमध्ये बघा आणि शंका असेल तर रात्रीच गेस्ट सर्व्हिसेसला जा, सकाळी तिथे मोठी रांग लागते. वाय-फायचं पॅकेज सकाळी बंद होतं, म्हणून टॅक्सीचा पत्ता आणि विमानाचे बोर्डिंग पास आदल्या रात्रीच उतरवून ठेवा.